तप, ताप आणि म्हशीची शेपटी

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. माहेरी म्हणत, हिच्या कपाळावर पाणी शिंपडलं तर चर्र वाजेल. लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा मी एवढीशी होते, पण सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच मला ओळखलं. "दुधाची जात आहे तुझी," त्या म्हणाल्या. "जरा पाठ वळली की उतू जातेस." हे त्या हसून म्हणाल्या होत्या, म्हणून मी अजून जपून ठेवलंय.

जी गोष्ट सांगायला बसले आहे ती या तापटपणामुळेच घडली. आता माझे केस पांढरे झाले. पांढरे झाले म्हणजे डोक्यावर राहिले, आणि तेही त्या गोष्टीमुळेच. अजून ती आठवली की छाती धडधडते, आणि हसूही येतं.

आधी घरातली माणसं सांगते. सासरे मी यायच्या आधीच गेले होते. घर चालवत त्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. पंचांग, मुहूर्त, श्राद्धपक्ष हे त्यांचं काम, आणि गावात त्यांच्या शब्दाला मान होता. सासूबाई केस उतरवलेल्या, लाल आलवणात, कपाळापर्यंत पदर ओढलेल्या. त्यांना दोन मुलगे. थोरले ती आमची स्वारी, आणि धाकटे भाऊजी, जवळजवळ माझ्याच वयाचे, इंग्रजी शाळेत जाणारे आणि कशालाही फिदीफिदी हसणारे.

स्वारीशी माझं एकच भांडण झालं होतं, आणि ते म्हशीवरून. सासूबाईंचं माहेर नदीपलीकडे, आंबिवलीच्या बाजूला. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही सगळे तिकडे आंबे खायला निघालो. शहाडच्या पुढे उल्हास नदी होडीतून ओलांडावी लागे. तिथे मोठा डोह आहे, उन्हाळ्यातसुद्धा त्याचा तळ लागत नाही. स्वारी होडीत बसेनात. "मी पोहून येतो," म्हणाले, काच्या मारला आणि घेतली उडी! अर्ध्यापर्यंत झकास गेले. मग दम लागला. त्याच वेळी म्हशींचा एक कळप डोहातून पलीकडे चालला होता. त्यातल्या एकीची शेपटी त्यांनी हळूच धरली, आणि काठ जवळ आला तशी हळूच सोडून दिली. त्यांना वाटलं, कुणी पाहिलं नाही.

मी पाहिलं होतं. आणि पाहिलेलं पोटात ठेवण्याइतकी अक्कल मला तेव्हा नव्हती. दुपारी मामांच्या ओसरीवर पंगत बसली, जो तो स्वारीच्या पोहण्याचं कौतुक करू लागला, आणि मी माजघराच्या दारातून मोठ्यांदा बोलून गेले, "म्हशीची शेपटी धरून आले की!" सगळी पंगत खदखदली. स्वारी लालबुंद. "खोटं! साफ खोटं! शेपटी धरली नव्हती!" सासूबाई होडीत माझ्या शेजारीच होत्या, पण त्या नुसत्या वाढत राहिल्या. त्यांनी पाहिलं की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर आळीतून म्हैस गेली की मी नुसती त्यांच्याकडे बघायची. तेवढ्यानेच त्यांचे कान तांबडे होत. पोराटोरांचा संसार तो, त्यात आणखी काय असणार? मला ते आवडत, एवढं मात्र मला कळत होतं.

पुढे सिंहस्थाचं वर्ष आलं. नाशिक-त्र्यंबकला जाणाऱ्या बैराग्यांचे जथे कल्याणात तळ्याकाठी उतरायचे. स्वारीला मिसरूड फुटत होतं, वाचनाचं वेड होतं, आणि कुठलीही गोष्ट मनात घेतली की शेवटाला न्यायची हा स्वभाव. रोज संध्याकाळी बैराग्यांपाशी जाऊन बसायला लागले. एकदा असे गेले ते सकाळ झाली तरी घरी आलेच नाहीत. शेजारचा गुराखी सांगत आला, "दादा बोलले, मी तपाला जातो, आईला सांग." दोरीवर त्यांचं धोतर वाळत होतं. सासूबाईंनी ते घडी करून पेटीत ठेवलं. मी तापले, चुलीतलं लाकूड ओढून अंगणात फेकलं, आणि मग ओक्साबोक्शी रडले.

तेव्हापासून आमच्या घरात तप हा शब्द पाहुण्यासारखा मुक्कामाला आला. जो तो त्याचा आपापला अर्थ लावी. भाऊजींच्या डोळ्यांपुढे चार बाजूंना धुनी पेटवून, डोक्यावर सूर्य घेऊन बसलेला माणूस. देवळात पुराण सांगायला येणारे शास्त्रीबुवा म्हणत, तप म्हणजे मुळात तापणं, सोनं तापलं की त्यातला मळ जातो तसं. आणि लगेच कुठल्याशा ऋषीची गोष्ट काढीत, की इंद्राने अप्सरा धाडली, ती नाचली, आणि हजारो वर्षांचं तप घटकेत मोडलं. बायका माना डोलवत. मी मनात म्हणे, एवढं कच्चं कसं हो असतं हे तप? सासूबाई पुराणाहून येताना एकदा म्हणाल्या, "करणाऱ्याला तप आणि घरच्यांना ताप." त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, पण मला तो अर्थ सगळ्यांत खरा वाटला.

काकांचा अर्थ निराळा होता. त्यांच्या लेखी तप म्हणजे बारा वर्षं, बस्स. लोकही तसंच म्हणतात, एक तप लोटलं, दोन तपं लोटली. तो अर्थ इतकी वर्षं कोपऱ्यात मुकाट बसून होता. पुढचं सिंहस्थ जवळ आलं तसा तो उठून थेट माझ्या डोक्यावर येऊन बसला.

झालं होतं असं, की भाऊजींचं लग्न ठाण्याच्या एका घरी ठरत आलं होतं. सिंहस्थ लागलं की लग्नं बंद, म्हणून त्याआधी बार उडवायचा. पण मुलीकडच्यांनी निरोप धाडला, "थोरल्याचं काय ते आधी मिटवा. घरात ना जिता ना मेला असा माणूस, तिथे मुलगी कशी द्यायची?" काकांनी सासूबाईंना ओसरीवर बोलावलं. मी दाराआड होते.

"वहिनी, शास्त्र स्पष्ट आहे," काका म्हणाले. "एक तप माणसाचा ठावठिकाणा नाही, तर तो गेला असं धरायचं. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, नारळाचं डोकं करायचं, त्याला अग्नी द्यायचा. नाहीतर तो जीव अधांतरी राहतो. मलाही का बरं वाटतंय हे? अंगाखांद्यावर खेळवलंय मी त्याला."

त्यांचा आवाज भरून आला होता, हे कबूल करायला हवं. काका दुष्ट नव्हते. त्यांना पाप लागायची भीती होती, आणि भित्रा माणूस दुष्टाहून कठीण. दुष्टाशी भांडता तरी येतं.

पुतळ्याला अग्नी दिला की पुढे माझं काय, ते कुणी बोललं नाही. बोलायला नकोच होतं. कुंकू पुसलं जायचं, बांगड्या फुटायच्या, आणि परसात पाट मांडून न्हावी बसायचा. माझे केस गुडघ्यापर्यंत होते. त्या रात्री सासूबाईंनी कधी नव्हे ते माझी वेणी स्वतः घातली. घालता घालता म्हणाल्या, "पहिलं पाणी डोक्यावरून जातं ना, ते फार गार लागतं गं. वैशाखातसुद्धा." मग त्यांचा हात थांबला. 

दुसऱ्या दिवशी काकांनी रानातून पळसाच्या पानांचा भारा आणवला आणि पडवीत ठेवला. मी येता-जाता तो बघत होते. पानं हिरवीगार, तुकतुकीत, चांगली तळहाताएवढी. माझा नवरा म्हणे तो! दुपारपर्यंत कसाबसा धीर धरला, आणि मग दूध उतू गेलं. भारा सोडला, काड्या घेतल्या आणि पत्रावळी लावायला बसले. भराभर सुई चालवणाऱ्या शिंप्यालाही जमणार नाही, अशा लावल्या. एकूण एक पान संपवलं.

संध्याकाळी त्यावरच वरणभात वाढला. काकांनी चित्राहुती घातल्या, आपोष्णी घेतली, पहिला घास तोंडात टाकला आणि म्हणाले, "पानं ताजी दिसतात. कुठली?"

"पडवीतली," मी आतून म्हणाले. "उगाच वाळून जात होती."

काकांचा घास तोंडातच राहिला. आपोष्णी झालेली, पानावरून उठता येईना. भाऊजींना ठसका लागला आणि ताक नाकातून आलं. पुतण्याच्या पुतळ्यावर काका वरण ओढत होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. जेवण झाल्यावर हात धुऊन ते एवढंच म्हणाले, "उद्या दुसरा भारा येईल. न्हाव्यालाही सांगून ठेवलंय." माझा सगळा ताठा तिथे उतरला. पत्रावळी किती लावणार? रान भरून पळस उभा होता.

दुसरा भारा यायच्या आत दारात करवंदवाली आली. नदीपलीकडची ठाकरीण, दर वैशाखात यायची, डोक्यावर टोपली आणि तोंडाला खळ नाही. करवंदं मापता मापता सांगू लागली, "आमच्याकडं येक बुवा बसलाय, बाय. होडीच्या वाटंवर म्हादेवाचं देऊळ हाय ना, थितं. चारी अंगानी इस्तव पेटवलाय, न मंदी बसलाय. बोलत नाय, का कुनाकडं बगत नाय. त्र्यंबकाला जानार, तवर त्वांड उघडनार नाय."

"असे पुष्कळ येतात यंदा," सासूबाई म्हणाल्या.

"येतात ना. पन ह्याची येक गंमत हाय. गावच्या म्हशी पान्यात उतरल्या का डोळं असं वटारतो! लई राग म्हशींचा. पोरं मुद्दाम हाकत आनतात."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. करवंदं अंगणभर! मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जगात बैरागी हजार असतील. पण म्हशीवर रुसणारा बैरागी? मी पदर खोचून तशीच चालायला निघणार होते. सासूबाईंनी दंड धरला. "थांब. काकांना घेऊन जायचं. त्यांनी पाहिलं नाही तर आपण पाहून काय उपयोग?"

त्यांचं हे शहाणपण मला कधी आलं नसतं. काका आधी नको म्हणाले, मग सासूबाई त्यांच्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या तेव्हा निघाले. "पण ऐका," ते म्हणाले, "उद्या कुणीही राख फासून बसेल. त्याने स्वतःच्या तोंडाने ओळख दिली तर ठीक. नाहीतर आल्यावर मी पुढचं उरकणार, आणि मग अडवायचं नाही." सासूबाईंनी मान हलवली. मीही हलवली. दुसरं काय हातात होतं?

सकाळी बैलांची दमणी जुंपली. वाटभर काका तोंडातल्या तोंडात स्तोत्र म्हणत होते. मी मात्र आतून फुलत होते, भीत होते, पुन्हा फुलत होते. कधी वाटे, तेच असणार. कधी वाटे, करवंदवालीने गप्पांत काहीही फेकलं असेल. नदीवर होडी लागली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. लांब पुलावरून आगगाडी धूर सोडत गेली आणि होडीवाला आगरी तिच्याकडे बघत वल्ही मारायचंच विसरला. मी त्याच्यावर अशी खेकसले की काकासुद्धा दचकले.

देवळापाशी माणसं जमली होती. शेणीच्या चार धुन्या, वर वैशाखातला सूर्य, आणि मध्ये ते. मी बघतच राहिले. जटा कमरेपर्यंत, दाढी छातीवर, अंग कोळशासारखं काळं आणि त्यावर राखेचे पापुद्रे. धुराने डोळे सुजलेले. आमच्या घरातून गेला होता तो कोवळ्या गालांचा मुलगा. त्या दोघांत मला काही म्हणता काही सारखं दिसेना. सासूबाई जवळ गेल्या, धग सोसवेना तरी वाकून पाहत राहिल्या, आणि मागे वळून म्हणाल्या, "मला नाही सांगता येत गं." आईला ओळखता येईना! 

काका पुढे झाले. स्वच्छ आवाजात म्हणाले, "बुवा, आम्ही कल्याणचे. आमच्या घरचा मुलगा बारा वर्षांपूर्वी तपाला गेला. तो तुम्ही असाल तर एक शब्द बोला. ही आई आहे. ही बायको आहे. तुम्ही बोलला नाहीत तर हिचं जे व्हायचं ते होईल."

बुवा हलले नाहीत. बाजूला चिमटा घेऊन बसलेला त्यांचा सोबती म्हणाला, "बाबा का मौन है, माई. त्र्यंबक के स्नान तक नहीं बोलेंगे. बारह साल का तप है, अब थोड़ा ही बाकी है."

काकांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मी त्या मिटलेल्या ओठांकडे बघत होते. ते हेच असतील आणि सगळं ऐकूनही गप्प बसले असतील, तर? तो विचार मला सगळ्यांत जास्त भाजला. काकांनी उपरणं झटकलं. "चला वहिनी. आपण आपल्याकडून केलं. आता पुतळ्याला हरकत नाही."

सासूबाई वळल्या. आणि माझ्या डोक्यात जाळ उठला. बारा वर्षं मी चूल फुंकली, सोळा सोमवार केले, हरतालिका केल्या, रोज संध्याकाळी दिवा लावून दाराकडे पाहिलं. आणि हे इथे होडीच्या वाटेवर बसून स्वतःचं तप सांभाळताहेत! पुराणातली अप्सरा आठवली. मला नाचता येत नव्हतं. चिडवता येत होतं.

मी नदीकडे तोंड केलं आणि जमलेल्या लोकांना उद्देशून खणखणीत आवाजात म्हणाले, "या बुवांच्या पाया कसल्या पडता? यांना साधी नदी ओलांडता येत नाही. म्हशीची शेपटी धरावी लागते!"

लोक गोंधळले. एक पोर खुदकन हसलं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, बुवांच्या कपाळावरच्या राखेला बारीक तडा गेला होता.

"हो, हो, शेपटी!" मी पुढे सुटले. "अर्ध्यात दम गेला, मग धरली गुपचूप. होडीभर माणसांनी पाहिलं. बिचारी म्हैस काठावर आली तेव्हा धापा टाकत होती. आणि पंगतीत बसून कौतुक कोण करून घेत होतं? म्हशीलाच बसवायला हवं होतं पानावर!"

बुवांच्या नाकपुड्या फुगल्या. एक डोळा उघडला. कान, राखेखालचे कान, तांबडे होत चालले. ते कान मी ओळखले! मी त्यांच्याकडे, जशी आळीत बघायची तशी, नुसती बघत राहिले.

"खोटं!"

तो आवाज गंजलेल्या कडीसारखा आला. पाखरं उडाली. बुवा धुन्यांच्या मधोमध ताडकन उभे राहिले होते. "खोटं! साफ खोटं! शेपटी धरली नव्हती!"

सोबत्याच्या हातातला चिमटा खणकन पडला. काका तापलेल्या धोंड्यावरच मटकन बसले आणि तसेच उठले. लोकांत एकच गलका उडाला. त्या गलक्यात सासूबाई पुढे गेल्या, शांतपणे म्हणाल्या, "धरली होती, रे. मी पाहिली होती."

"तू कशी पाहशील?" ते ओरडले. "तू होडीत त्या अंगाला बसली होतीस, आई!"

आणि आई हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. काकांकडे मी पाहिलं, तर ते उपरण्याने नाक पुसत होते. मला नाचावंसं वाटत होतं. खरोखर नाचले असते, अप्सरेलाही लाज वाटावी असं!

मग माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. लहान मुलाचा मातीचा किल्ला कुणी तुडवावा तसा तो चेहरा झाला होता. "मोडलं," ते म्हणाले. "इतकं जवळ आलं होतं. आता मोडलं."

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण बोलायला गेले ते निराळंच आलं. "मोडलं तर मोडलं," मी म्हणाले. "माझं पुरं झालं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. कपाळावरचं कुंकू पाहिलं, हातातल्या बांगड्या पाहिल्या. काका काय म्हणत होते ते त्यांना बहुधा तेव्हा उमगलं. धुन्या ढासळत होत्या, कुणी शेणी सारत नव्हतं.  शेवटी सासूबाई म्हणाल्या, "चल आता घरी. ऊन फार झालंय."

पंचाग्नीत बसलेल्या माणसाला आई सांगते, ऊन फार झालंय! ते हसले. दाढीतून दात दिसले आणि मला आमच्या ओसरीवरचा मुलगा ओझरता दिसून गेला. सोबत्याला नमस्कार करून ते आमच्याबरोबर निघाले. होडीपाशी येईपर्यंत सगळं ठीक होतं.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "मी पोहून येतो. आणि डोळे उघडे ठेवून बघा सगळ्यांनी."

"अहो!" मी किंचाळले. पण उडी पडलीसुद्धा. राख पाण्यावर पसरली. आम्ही घाईघाईने होडीत चढलो आणि मागे लागलो. सुरुवातीला हात बरे चालले. मग मला दिसू लागलं, की हे हात बारा वर्षं नुसते मांडीवर पडून होते. दंडावर मांस म्हणून नव्हतं. भिजलेल्या जटा मान मागे ओढत होत्या. डोहाच्या मध्यावर ते थांबले, एकदा खाली गेले, वर आले.

"बाय, बुवा बुरतंय!" होडीवाला ओरडला. त्याने वल्हं पुढे केलं. त्यांनी ते हाताने बाजूला लोटलं.

सकाळपासून ज्या कुंकवासाठी मी जिवाचं रान केलं, ते आता माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात चाललं होतं, आणि माझ्याच जिभेपायी. पुतळा काय आणि पळस काय, हे खरंखुरं होतं. तेवढ्यात डाव्या अंगाला पाणी फुसफुसलं. गावच्या म्हशी पलीकडे चालल्या होत्या, नाकं वर, शिंगं मागे. एक तर त्यांच्या अगदी हाताशी. धरा, मी मनात म्हणाले, अहो, धरा ना! त्यांनी म्हशीकडे पाहिलं. मग होडीकडे पाहिलं. आम्ही सगळे टक लावून त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी हात मागे घेतला, आणि पुन्हा खाली गेले.

तेव्हा मला कळलं. मी सासूबाईंकडे वळले, पण त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी होडीत पाठ फिरवली आणि मागच्या देवळाकडे तोंड करून बसल्या. मीही फिरले. काकांच्या खांद्याला सासूबाईंनी धक्का दिला, तसे तेही फिरले.

"आवो, त्यो बुरतंय न तुमी पाठी काय करताव?" होडीवाला म्हणाला.

"तूही फिरव!" मी ओरडले.

"तुमा बामनांचा मना काय कलत नाय," असं पुटपुटत त्याने तोंड फिरवलं.

आम्ही चौघं सोडून आलेल्या काठाकडे बघत होतो आणि चौघांचे कान मागे होते. पाण्याचा एक चुबुक आवाज झाला. मग काहीच नाही. सासूबाईंचे ओठ हलत होते. मी माझे केस मुठीत घट्ट धरून बसले होते. मग एक म्हैस जोरात फुरफुरली, रागावल्यासारखी, आणि तिच्या मागोमाग माणसाचा खोल घेतलेला श्वास ऐकू आला. काका पाठ तशीच ठेवून हळू आवाजात म्हणाले, "मेल्यावर वैतरणीला गाय लागते. उल्हासला म्हैस चालत असावी."

कुणी वळलं नाही. होडी काठाला लागली तेव्हा ते चिखलात उभे होते, ठिबकत, धापा टाकत, ताठ. राख सगळी धुऊन गेली होती.

"बघितलंत?" त्यांनी विचारलं.

"बघितलं," मी म्हणाले. "पोहूनच आलात."

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी डोळे हलवले नाहीत. त्यांच्या उजव्या मुठीत बोटांच्या बेचक्यात दोन राठ काळे केस अडकले होते. काका अजून पाठ करूनच उभे होते. मी पदराने स्वारीचा हात पुसला आणि ते केस पाण्यात सोडून दिले.